चाचांचा उलटा हात

सौदीतल्या रास तनुराच्या त्या मैदानावर आता पाइप रचून ठेवलेत. तोंडाला निळी प्लास्टिकची टोपणं लावलेले, माणूसभर उंचीचे ढीग, आणि सगळ्याभोवती तारेचं कुंपण. मी गाडी कुंपणाला लावून उतरलो, तर आतून वॉचमन आला. "क्या चाहिए, भाईसाब?" म्हणाला. आता त्याला काय कपाळ सांगणार? "कुछ नहीं, ऐसे ही," म्हटलं. शुक्रवारी सकाळी साडेसहाला सुट्टीचा माणूस उगाच येऊन कुंपणाला नाक लावतो यावर त्याचा विश्वास बसला नाही, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी ऐकत होतो. वारा पडला होता, पलीकडे समुद्र गप्प होता, रिफायनरीत चिमणीवर गॅस जळतो त्या फ्लेअरची कायमची घरघर तेवढी चालू होती. आणि त्या घरघरीच्या वर, खूप उंचावर, मला ते इंजिन ऐकू येत होतं. टू-स्ट्रोक, पेट्रोलचं. मी वर पाहिलं. आभाळात काही नव्हतं. नसणारच. सात वर्षं हे असंच चाललंय. मधली पाच वर्षं जिझानला बदलीवर होतो, तिथेही रस्त्याकडेचे माळी मशीनने गवत कापायला लागले की माझ्या हातातला पाना थांबायचा. बरोबरचे लोक हसायचे. हसा बाबांनो, म्हणायचो.

इब्राहिमचाचांचं विमान याच मैदानावरून उडालं. एकदाच. आणि ते पडलं ते माझ्यामुळे. ही गोष्ट मी चाचांना सांगितली नाही. आता सांगायला चाचा नाहीत, दोन वर्षांपूर्वी दाभोळला आपल्या घरी वारले.

चाचा आमच्या कॅम्पातले कारपेंटर. दाभोळ खाडीवरचे कोकणी मुसलमान, घराणं तांडेलांचं. बाप, आजा, सगळे होडी हाकणारे. मी गुहागरकडचा, म्हणजे खाडीच्या अलीकडचा, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. कॅम्पात आलो त्या दिवशी त्यांनी मला गाव विचारलं. सांगितल्याबरोबर म्हणाले, "म्हणजे आमच्या समोरचाच की रे तू! तुमच्या बाजूचे दिवे बघून तर आम्ही होडी आत घेतो." एवढं बोलून त्यांनी माझी पेटी उचलली आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. पुढे नऊ वर्षं मी त्यांच्या वरच्या बंकवर झोपलो. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "ए इन्स्ट्रुमेंट!" एवढीच हाक.

त्या खोलीचा वास मला अजून ओळखता येतो. उशाशी ठेवलेली अत्तराची कुपी, पलंगाखालच्या डब्यातले घरून आलेले सुके बोंबील, एसीच्या जाळीत बसलेली धूळ, आणि शेवटच्या वर्षभरात या सगळ्यावर चढलेला पेट्रोल आणि ऑइलचा वास. चाचांच्या बोटांना तो कायमचा चिकटला होता. साबण लावा, लिंबू चोळा, जेवायला बसले की डाळीआधी तोच यायचा. मेसमधले लोक थोडं सरकून बसायचे. मला राग यायचा, चाचांना नाही.

विमानाचं वेड त्यांना कुठून लागलं, देव जाणे. शुक्रवारी सकाळी ते फिरत फिरत या मैदानाकडे यायचे. इथे तेव्हा छंदवाल्यांचा क्लब होता. गोरे इंजिनिअर, दोन-चार सौदी, काही फिलिपिनो. मैदान कसलं, सबखा होती ती, म्हणजे समुद्राचं पाणी आटून कडक झालेली खारी जमीन. हिवाळ्यात पहाटेचं दव पडलं की तिला ओल्या भिंतीसारखा वास यायचा. चाचा एका बाजूला उकिडवे बसून बघायचे. महिनाभर बघितल्यावर एक्झिटवर, म्हणजे नोकरी संपवून कायमचा घरी निघालेल्या एका फिलिपिनो वेल्डरने आपलं छोटं फोमचं विमान आणि रेडिओ त्यांना देऊन टाकला. रेडिओ म्हणजे हातात धरायचा तो डबा, दोन दांड्यांचा. हे खेळणं हातात आलं आणि आमचा साठीला टेकलेला माणूस लहान पोरासारखा नाचत खोलीवर आला.

चालवायला लागले आणि माती! विमान समोर लांब जात असलं की चाचांना हमखास उलटं जायचं. डावीकडे न्यायचं तर हे उजवीकडे दांडी दाबायचे. मी म्हणायचो, "चाचा, डावीकडे म्हणजे डावीकडे. यात काय अवघड आहे?" तर चिडायचे. "अरे, सात वर्षांचा होतो तेव्हापासून दांडा धरतोय! होडी डावीकडं न्यायची तर सुकाणूचा दांडा उजवीकडं ढकलायचा. तुझ्या बापानं कधी होडी हाकली होती काय?" माझ्या बापाने नारळ विकले, होडी नाही. क्लबचं रजिस्टर सांभाळणारा अबू नासेर नावाचा म्हातारा सौदी होता, तो खुर्चीत बसून पोट धरून हसायचा. "सदीक, ये तय्यारा है, समक नहीं पकडने का!" सदीक म्हणजे दोस्त, तय्यारा म्हणजे विमान, समक म्हणजे मासा.

त्याच सुमारास प्लँट दुरुस्तीला बंद ठेवायचं शटडाउन लागलं आणि मी दीड महिना बारा-बारा तासांच्या ड्यूटीला जुंपला गेलो. परत मैदानावर आलो तर चाचा लोण्यातून सुरी फिरवावी तसं विमान फिरवत होते. डावं, उजवं, लांब, जवळ, काही चूक नाही. मी थक्क. "हे कसं जमवलंत?" विचारलं, तर डोळा मारून म्हणाले, "खाली उभं राहून नाय चालवायचं रे. आत जाऊन मागं बसायचं, आणि दांडा धरायचा. हात तोच हाय." मला वाटलं, सवयीने जमलं असेल. आणखी एक प्रश्न विचारला असता तर माझं तोंड झिजलं नसतं. पण मी नाही विचारला.

मग मोठ्या विमानाची तयारी सुरू झाली. तो एक हिवाळा आणि त्यानंतरचा एक उन्हाळा. कारपेंटर शॉपच्या मागच्या कोपऱ्यात, जेवणाच्या सुट्टीत. पंपांचे स्पेअर पार्ट ज्या खोक्यांतून यायचे त्यांचं प्लायवूड चाचा फोरमनला विचारून बाजूला काढायचे. त्याच्या पंखाच्या फासळ्या कापल्या, एकेक कानशीने घासली, डोळ्याजवळ धरून बघितली. होडीच्या फासळ्या बसवतात तशाच बसवल्या, आधी मधली, मग दोन्ही बाजूंनी एकेक. त्या वेळी कोणी मध्ये बोललेलं त्यांना चालायचं नाही. लाकडाचा भुसा त्यांच्या भुवयांवर बसायचा आणि घामाने तिथेच राहायचा.

वरून चढवायची नारिंगी फिल्म आली. ती इस्त्रीने चिकटवायची असते. इस्त्री आख्ख्या खोलीत एकच, तीही हैदराबादच्या रूममेटची. त्याचा पांढरा सदरा दुसऱ्या दिवशी नारिंगी डाग घेऊन जुम्म्याच्या नमाजाला गेला. काय भांडण झालं! चाचा एकीकडे त्याची माफी मागत होते आणि दुसरीकडे मान वळवून हसत होते. शेवटी तोही हसला. त्या फिल्मला इस्त्री लागली की ती ताणून बसायची आणि बोटाने टिचकी मारली की टणटण वाजायची. चाचा उगीच टिचक्या मारत बसायचे. आता ती टणटण ऐकवणारं माणूस कोणी उरलं नाही.

इंजिन कुठलं? कॉलनीच्या बागेतल्या भंगारात पडलेल्या गवत कापायच्या मशीनचं. ते मी उघडलं, कार्बन खरवडला, नवा प्लग लावला. कार्ब्युरेटरच्या तोंडावर स्पंजचा तुकडा बसवला, नाहीतर इथली धूळ एका दिवसात पिस्टन खाऊन टाकेल. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळायचं माप म्हणून चाचांनी खोकल्याच्या औषधाचं झाकण ठेवलं होतं. पाण्याच्या बाटलीत ते हलवायचं, उजेडाकडे धरायचं. रंग पातळ चहासारखा आला की "बस" म्हणायचं.

पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तो दिवस आठवतो. विमान टेबलाला दोरीने बांधलेलं. चाचा जाड हातमोजा घालून पंखा फिरवतायत, एकदा, दोनदा, वीसदा. काही नाही. मी चोक काढला, सुई अर्धा आटा मागे घेतली. पुन्हा फिरवला आणि एकदम फाडफाड करत ते जे सुरू झालं! शॉपचे पत्रे थरथरले, निळा धूर आमच्या तोंडावर आला, चाचा काहीतरी ओरडत होते, मी काहीतरी ओरडत होतो, दोघांना एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं. बंद केल्यावरही बराच वेळ कान वाजत होते. चाचांच्या डोळ्यांत पाणी होतं. "धूर," म्हणाले. मी "होय, धूरच," म्हटलं.

तोल पाहायचा तर पंखाखाली दोन बोटं लावून विमान उचलतात. आमचं शेपटीकडे झुकत होतं. मग चाचांनी मच्छीबाजारातून जाळ्याला बांधायच्या शिशाच्या गुंड्या आणल्या आणि एकेक करून नाकात भरल्या. आठव्या गुंडीला ते दोन बोटांवर सरळ राहिलं. या विमानाला पंखात वळायची सोय नव्हती, पंख दोन्ही बाजूंनी वर उचललेले आणि वळणं सगळी शेपटीच्या सुकाणूवर. चाचांना दुसरं काही नकोच होतं. फोमच्या विमानातला रिसीव्हर काढून आम्ही यात बसवला. रेडिओ तोच ठेवला.

हे सगळं होईतो त्यांचा एक्झिट जवळ आला. एकतीस वर्षांनी फायनल एक्झिट. इतर लोक जाताना कंबलं, अत्तरं, चॉकलेटं घेतात, चाचा आम्हाला होडी ऐकवायचे. गावाला त्यांची 'सलामती' नावाची होडी होती. धाकटा भाऊ हाकायचा, पण त्याचे गुडघे गेले आणि होडी तांडेलाविना किनाऱ्यावर पडून होती. पुतण्यांना इंजिन कळायचं, खाडीच्या तोंडावरची वाळू कळायची नाही. "मी गेलो की दांडा मी धरणार," चाचा म्हणायचे. "बाकी सगळं ह्या सौदीनं घेतलं माझं. केस घेतले, दात घेतले. हात नाय घेतला." दर सुट्टीत ते जाऊन महिनाभर होडी हाकून यायचे आणि परत आल्यावर आठवडाभर त्यांच्या तळहाताला दांड्याचे घट्टे असायचे. आम्हाला दाखवायचे. एकतीस वर्षं त्या माणसाने कशाची वाट बघितली असेल तर याची.

त्यांच्या होडीवरचा एक रिवाज त्यांनी खोलीतही लावला होता. दांडा एका हातातून दुसऱ्याकडे देताना बोलायचं. वारा कुठला आहे, होडी कुठे ओढतेय, आपण काय काय केलं, सगळं मोठ्याने सांगायचं, आणि समोरचा "घेतला" म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. न बोलता दांड्याला हात लावला म्हणून बापाने त्यांच्या कानाखाली वाजवली होती. खोलीत गॅसची शेगडी दुसऱ्याकडे द्यायची तरी चाचांना हे सगळं पाहिजे असायचं. "कालवण खाली लागतंय, मीठ घातलंय. घेतलंस?" "घेतलं, चाचा, घेतलं!" आम्ही वैतागायचो.

निघायला पाच दिवस होते, शुक्रवार होता. उजाडताना आम्ही मैदानावर आलो. वारा नावाला, थंडी जराशी, सबखा कोरडी ठणठणीत. अबू नासेर थर्मासमधला गावा, त्यांची ती अरबी कॉफी, पीत बसला होता. चाचांनी विमानाच्या नाकावर अत्तराचं बोट फिरवलं, मनात काहीतरी म्हटलं. मला म्हणाले, "तू तपासून घे, मी सही करून येतो," आणि रजिस्टरकडे गेले.

तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. कंट्रोल रूममधून सिग्नल द्यायचा आणि फील्डमध्ये व्हॉल्व्ह त्याच दिशेला हलतो का बघायचं, आयुष्यभर दुसरं काय केलं मी? स्क्रू पाहिले, टाकी पाहिली, रेडिओ घेऊन चाळीस पावलं लांब गेलो, सिग्नल पाहिला. मग दांडी डावीकडे केली. शेपटीचं सुकाणू उजवीकडे गेलं. पुन्हा केली. पुन्हा उजवीकडे. म्हटलं, बापरे, हे असंच वर गेलं असतं तर! रेडिओच्या खाली एक झाकण असतं, त्याच्या आत दिशा उलटवायची इवलीशी बटणं. सुकाणूचं बटण उलट बाजूला होतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने मी ते सरळ केलं. दांडी डावीकडे, सुकाणू डावीकडे. जीव भांड्यात पडला. मनातल्या मनात माझी मीच पाठ थोपटली.

ते बटण चुकून उलटं नव्हतं. शटडाउनच्या त्या दीड महिन्यात चाचांनीच ते उलटवलं होतं. स्वतःचा हात बदलायचा नाही म्हणून त्यांनी रेडिओ बदलला होता. पन्नास वर्षांच्या होडीचा हात त्यांनी असा विमानाला जोडून घेतला होता, आणि मी, शहाण्याने, एका टिचकीत तोडला.

चाचा सही करून आले. "झालं तपासून?"

"झालं."

"सगळं बरोबर?"

"सगळं बरोबर," मी म्हणालो.

काय केलं ते बोललो नाही. लपवायचं नव्हतं हो, शपथेवर सांगतो. मला वाटलं, जायच्या दिवसांत म्हाताऱ्याला उगाच कशाला सांगा की तुमची चूक होती. त्यांची लाज राखत होतो मी!

चाचांनी पुन्हा तपासलं नाही. इन्स्ट्रुमेंटने तपासलं म्हणजे तपासलं. मी विमान वाऱ्याच्या तोंडावर सरळ धरलं. शेपटीचं चाक मोकळं फिरणारं होतं, सुकाणूला जोडलेलं नव्हतं, त्यामुळे जमिनीवर काही कळायची सोयच नव्हती. इंजिन दुसऱ्याच झटक्याला सुरू झालं. हात वर करून मी सोडलं. वीस पावलं धावलं असेल नसेल, उचललं. काय उचललं! सकाळचं ऊन त्या नारिंगी पंखांतून आरपार येत होतं आणि आतल्या फासळ्या एकेक मोजता येत होत्या. अबू नासेर खुर्चीतून उठून उभा राहिला. "माशाल्ला, माशाल्ला!" चाचा तोंड उघडं ठेवून हसत होते. सरळ वर, वर, समुद्राच्या बाजूला.

मग त्यांनी डावीकडे वळायला म्हणून अंगठा उजवीकडे दाबला आणि विमान उजवीकडे वळलं. त्यांनी आणखी दाबला. ते आणखी वळलं. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. तो उजवीकडे बघितला आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. होडी, दांडा, मारलेला डोळा, ते बटण. "उलटं करा" एवढे दोनच शब्द होते. तोंड उघडलं होतं मी. "चाचा!" एवढंच बाहेर आलं. चाचा दांडी दाबतच होते, सगळा जोर लावून, वादळात दाबतात तशी. विमान पंखावर आडवं झालं, गोल गोल फिरत खाली आलं, इंजिन शेवटपर्यंत किंचाळत होतं. मग ते थांबलं.

सबखेवर एक खड्डा पडला, वीतभर. आम्ही दोघं तिथवर चालत गेलो. पेट्रोल त्या खाऱ्या मातीत मुरत होतं. शिशाच्या गुंड्या सांडल्या होत्या. मागून अबू नासेर म्हणाला, "माफी मुश्किला, सदीक," म्हणजे हरकत नाही, होतं असं. चाचांनी रेडिओ खाली ठेवला आणि उजव्या हाताची बोटं उघडली, मिटली. पुन्हा उघडली. "हात गेला रे माझा," म्हणाले. "मना कळलंपण नाय कधी गेला."

तेव्हा सांगायचं होतं. तिथल्या तिथे, पेट्रोल सुकायच्या आत. मी सांगितलं नाही. सगळं बरोबर म्हणणारा मी, माझी काय इज्जत राहील, हे पहिलं मनात आलं, खोटं कशाला बोलू? मग पाच दिवस रोज ठरवलं. एकदा ते सामान बांधत होते, एकदा नमाजाला बसले होते, एकदा खोलीत माणसं होती. माणसाला न बोलायला कारणं कमी पडत नाहीत. दम्मामच्या एअरपोर्टवर मी विचारलं, "गेल्या गेल्या होडीवर ना, चाचा?" तर म्हणाले, "बघू." त्या एका शब्दावर तरी मी बोलायला हवं होतं. ते आत गेले, मागे वळून हात हलवला तो डावा.

पुढे ईदला फोन व्हायचे. मी जिझानहून करायचो. "काय रे इन्स्ट्रुमेंट, जेवलास काय?" आवाज तोच. होडीचं मी विचारायचो नाही, ते सांगायचे नाहीत. मी समजून चाललो होतो की गेली असेल होडी समुद्रात, एकदा दांडा हातात आला की हाताला आपोआप कळलं असेल. दर वेळी म्हणायचो, पुढच्या ईदला सांगू. मग कॅम्पातल्या कोणाच्या तरी मेसेजमधून कळलं की चाचा गेले. मी त्या दिवशी ड्यूटी केली, परमिटवर सही केली, रांगेत उभं राहून जेवलो. चाचांच्या घरी फोन केला नाही. दोन वर्षं केला नाही.

आज कुंपणापासून खोलीवर आलो, आंघोळ केली, जेवण समोर घेऊन बसलो आणि ताट बाजूला सारलं. चाचांचा नंबर अजून होता. लावला. बाईमाणसाचा आवाज आला. त्यांची मुलगी, नाझनीन. गावातल्या शाळेत शिकवते. मी नाव सांगितलं, ते तिला कळलं नाही. मग म्हटलं, "इन्स्ट्रुमेंट." तर केवढ्याने हसली. "अय्या, काका तुम्ही! अब्बांच्या फोनात तुमचं नाव तेच आहे. किती वाट बघितली आम्ही तुमच्या फोनाची."

मी विचारलं, "होडी कशी आहे?"

"विकली," ती म्हणाली. "अब्बा आले त्याच वर्षी."

"का? चाचा हाकणार होते ना?"

"सगळे म्हणत होते हाका म्हणून. चुलतभाऊ तर पाया पडले. एकदाही दांड्याला हात लावला नाही त्यांनी. संध्याकाळी जेटीवर जाऊन बसायचे, आत येणाऱ्या होड्या बघायचे. म्हणायचे, माझा हात सौदीत राहिला. मी चार माणसं घेऊन बाहेर गेलो आणि होडी वाळूवर घातली तर?" "काका, ते विमानाचं सांगायचे. तुम्ही होतात ना तिथे? नेमकं काय झालं होतं हो?"

मी सांगितलं. बटण, स्क्रूड्रायव्हर, रजिस्टरची सही, सगळं बरोबर म्हणालो ते, सगळं. कुठे थांबलो नाही, कुठे स्वतःची बाजू घेतली नाही.

"आम्ही त्यांना तेच सांगायचो, काका," ती अगदी हळू म्हणाली. "अब्बा, विमानातच काहीतरी बिघाड असेल, तुमचा हात नसेल. कितीदा सांगितलं. तर चिडायचे. म्हणायचे, बिघाड असणार कसा? इन्स्ट्रुमेंटनं तपासलं होतं."

मग म्हणाली, "अम्मी इथेच बसलीये. तिला मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खसखस ऐकू आली. मग चाचीचा थकलेला, खूश झालेला आवाज आला. "कोण, इन्स्ट्रुमेंट? बोल रे बाळा. जेवलास काय?"

"नाही, चाची," मी म्हणालो. "आधी ऐकून घ्या."